चावी एकच असेल तर…

मंगळवारी अब्बांना डायलिसिसला न्यायचं होतं आणि आमच्या पंधरा वर्षांच्या गाडीची चावी सापडेना. दुसरी चावी कधीचीच हरवलेली. 'एक आहे ना, पुरे!' म्हणून आम्ही गप्प बसलो होतो. अब्बांना रिक्षाने नेलं.

चावीवाल्याने कुलूप पाहून नवी चावी कापली. दार उघडलं, पण इंजिन सुरू होताच बंद पडलं. बऱ्याच गाड्यांच्या चावीच्या मुठीत बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. चिपचा कोड ओळखीचा नसेल, तर गाडी इंजिन चालू देत नाही. त्यामुळे नवी चिप मशीन लावून गाडीत नोंदवावी लागते. जुनी एक चावी हाताशी असली की हे काम सोपं. एकही नसेल तर आरसी, ओळखपत्र, सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या, आणि खर्चही जास्त.

चावी हरवली असेल, तर तिची नोंद पुसून घ्या. मग ती कुणाला सापडली तरी इंजिन सुरू होणार नाही. दार मात्र उघडेल, म्हणून गाडीत कागदपत्रं ठेवू नका.

आता आमची दुसरी चावी अम्मीच्या कपाटात असते. तुमच्या घरी एकच असेल, तर याच आठवड्यात दुसरी करून घ्या.