‘वाच ना, भारी आहे!’

‘मोबाइल ठेव आणि जरा चांगलं वाच.’ हे वाक्य तुमच्या घरात आठवड्यातून किती वेळा ऐकू येतं? आमच्याकडे भरपूर. गंमत म्हणजे ते ऐकून कुणी पुस्तक उघडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पण ‘अगं, वाच ना, भारी आहे, मग आपण बोलू,’ असं बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, की तेच पुस्तक दप्तरात जातं. रात्री पांघरुणात टॉर्च लावूनही वाचलं जातं.

आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांबद्दल बोलतं कोण? मोठी माणसं. पुस्तकं लिहितात मोठी, निवडतात मोठी, बक्षिसं देतात मोठी. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी भाषणंसुद्धा मोठीच करतात. ज्यांनी वाचायचं, ती पोरं समोर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. त्यांना कुणी विचारतच नाही, की बाबा रे, तुला काय आवडलं?

विचारलं तर उत्तरं ऐकण्यासारखी असतात. माझी मामेबहीण नववीत आहे. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ तिनं वर्गातल्या तिघींना वाचायला लावली. कारण काय, तर ‘त्यातली मुलं आपल्यासारखी बोलतात.’ कादंबरी २००४ची, त्यातला काळ आणीबाणीचा. म्हणजे या मुलींच्या आईबाबांचाही जन्म झाला नसेल तेव्हाचा. तरी त्यांना मुकुंद जोशी आणि शिरोडकर आपल्या वर्गातले वाटतात. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेल्या ‘पाडस’बद्दल सातवीतल्या एका मुलानं मला एवढंच सांगितलं, ‘शेवटी रडू येतं. पण वाच.’ दोन वाक्यांत परीक्षण संपलं! या जोडीत ‘संस्कार’ हा शब्द कुठेही नाही, हे बघा.

मोठ्यांची शिफारस बहुतेक वेळा आठवणींतून येते. ‘आम्ही तुमच्या वयाचे असताना’ने सुरू होते आणि गोट्या, चिंगी, फास्टर फेणे इथं थांबते. ही पुस्तकं छानच आहेत. फुरसुंगीच्या बनेश फेणेची सायकल आजही सुसाट पळते. पण तुम्ही वाचलं म्हणून मी वाचायचं, हे कारण तेराव्या वर्षी कुणाला पटतं? त्या वयात आपल्याला आपल्या वयाच्या माणसाचं मत हवं असतं. मैत्रिणीनं सुचवलेलं पुस्तक बोअर निघालं, तर दुसऱ्या दिवशी तिला चिडवता येतं. आजोबांनी सुचवलेलं बोअर निघालं, तर गप्प बसावं लागतं. मग हळूहळू वाचणंच बंद होतं.

खरी काळजी इथेच आहे. गोष्टीची पातळ, रंगीत पुस्तकं संपतात आणि मोठ्यांच्या जाडजूड कादंबऱ्या अजून झेपत नाहीत, अशी बारा ते सोळाची वर्षं. या वळणावर मराठी वाचणारी कितीतरी मुलं सुटतात. काही इंग्रजीकडे जातात, ‘विम्पी किड’ वाचतात. वाचू द्या की! त्यांना नाक मुरडण्यापेक्षा ती पुस्तकं हातोहात का फिरतात, ते बघा. मुलं एकमेकांना ती सांगतात, म्हणून. मराठीतही नवं येतंय. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण बक्षिसाची बातमी मोठी माणसं वाचतात. वर्गापर्यंत पुस्तक पोचायला वर्गातलंच कुणीतरी लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मुलांवर सोडलं तर ती सोपं आणि गाजलेलंच सांगतील. मुद्दा बरोबर आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन कुणीतरी मोठ्यानं हातात ठेवल्याशिवाय सहसा भेटत नाही. ‘वनवास’मधली ती कानडी वळणाची भाषा पहिल्या दहा पानांत अडवतेसुद्धा. म्हणून मोठ्यांचं काम संपत नाही. कपाट त्यांनी भरावं, वेगवेगळ्या पुस्तकांनी भरावं आणि कुलूप काढून ठेवावं. त्यातलं कुठलं घ्यायचं, हे मात्र मुलांनी मुलांना सांगावं. लंपन आवडलेला एक मुलगा मित्राला म्हणाला, ‘दहा पानं दम धर,’ तर तो मित्र धरतो.

याला खर्च काही नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकात मागं एक कोरा कागद चिकटवा. वाचणाऱ्यानं दोन ओळी लिहायच्या, नाव हवं तर टाकायचं. आठवड्यातून एकदा परिपाठात एका मुलाला पाच मिनिटं द्या. ‘आवडलं नाही’ म्हणायचीही मुभा द्या, कारण नावडतं सांगता आलं तरच आवडतं खरं वाटतं. आणि प्लीज, त्याची स्पर्धा करू नका. ‘उत्कृष्ट शिफारस’ला ढाल द्यायला लागलात, की पोरं पुन्हा परीक्षकांना आवडेल तेच बोलणार.

तुम्ही स्वतः शाळा-कॉलेजात असाल, तर परवानगीची वाट कशाला बघता? शेवटचं आवडलेलं पुस्तक आठवा. ते आज एकाला तरी सांगा. जमलं तर तुमची प्रतच द्या. परत मिळेलच याची खात्री नाही, पण ते वाचलं जाईल.