दुखत नाही ना? मग दाखवाच!

नाकावर एक पिंपल आला की आपण दिवसातून दहा वेळा आरशात बघतो. केस गळायला लागले की थेट अपॉइंटमेंट. पण लालसर चट्टा 'तिथे' आला, तर? तर बॉस, एकच मंत्र: दुखत नाहीये ना, मग जाऊ दे!

जालन्याचा माझा एक मित्र एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. लग्न ठरलेलं, पत्रिका छापायला टाकलेली. एका रात्री फोन आला. वीस मिनिटं पाऊसपाण्याच्या गप्पा मारून शेवटी म्हणाला, "यार, लग्न पुढे ढकलावं म्हणतोय." लिंगाच्या टोकावर लाली होती. दुखणं नाही, खाज नाही, पण तीन महिने झाले तरी जात नव्हती. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की फिकी व्हायची, बंद केली की पुन्हा हजर. आपल्याला 'ते रोग' झालेत, हा निकाल त्याने स्वतःच देऊन टाकला होता.

मी त्याला ट्यूबवरची नावं वाचायला लावली. स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, सगळं एकाच ट्यूबमध्ये. स्टेरॉइडने लाली दबते, पण बुरशीला उलट मोकळं रान मिळतं. त्यात तिथली त्वचा नाजूक. महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावलं तर ती आणखी पातळ आणि लाल होते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कागदावर तरी!

मग ही लाली येते कशाने? बऱ्याचदा अगदी साध्या कारणाने. सुगंधी साबण, अँटिसेप्टिकचं पाणी, कंडोमच्या लॅटेक्सची अ‍ॅलर्जी, दिवसभर घामेजलेली टाइट जीन्स. मराठवाड्यातल्या मे महिन्यात बाइकवर फिरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसरं कारण कँडिडा नावाची बुरशी. ती वारंवार होत असेल तर आधी शुगर तपासायची. कधी सोरायसिस असतो, कधी एखाद्या पेनकिलरची किंवा अँटिबायोटिकची रिअ‍ॅक्शन.

पण न दुखणं म्हणजे 'ऑल क्लिअर' नव्हे. सिफिलिसचा पहिला व्रण बहुतेकदा दुखतच नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येतो आणि काही आठवड्यांत आपोआप भरूनही निघतो. आजार मात्र शरीरात राहतो. रक्ताच्या तपासणीत तो कळतो आणि पेनिसिलिनने बरा होतो. आणि क्वचित, महिनोन्‌महिने न हलणारा मखमली लाल चट्टा कॅन्सरची पूर्वसूचना असू शकतो. तेव्हा डॉक्टर छोटासा तुकडा काढून तपासतात.

घरी काय करायचं? दिवसातून एकदा कातडी हळूच मागे घेऊन साध्या पाण्याने धुवा. साबण नको, घासणं नको. टिपून कोरडं करा, कातडी पुन्हा पुढे आणा. सैल सुती अंडरवेअर वापरा. शिल्लक पडलेली कुठलीही ट्यूब लावू नका. कारण कळेपर्यंत संबंध टाळलेले बरे. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर स्किनचा डॉक्टर गाठा. व्रण, गाठ, स्राव किंवा लघवीला त्रास असेल, तर तेवढीही वाट बघू नका. स्किनच्या डॉक्टरांच्या पाटीवर 'गुप्तरोग'ही लिहिलेलं असतं, म्हणून दारातून परत फिरू नका. सरकारी जिल्हा रुग्णालयातही ही तपासणी होते आणि माहिती गुप्त ठेवतात.

मित्र गेला एकदाचा. निघाली कँडिडा, आणि तिच्या मागे लपलेली वाढलेली शुगर. तिशीच्या आत! ट्यूब बंद झाली, योग्य औषध सुरू झालं, साखरेचा चहा सुटला. लग्न ठरलेल्या तारखेलाच झालं. ती लाली आली नसती, तर शुगर कधी कळली असती कोण जाणे.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना मराठीत सरळ उत्तरं दिली. त्यासाठी त्यांना कोर्टात खेचलं गेलं आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तेव्हा उत्तर देणाऱ्यावर खटला भरत होते. आज प्रश्न विचारणाऱ्यावर कोणी खटला भरत नाही. मग मेडिकलच्या काउंटरवर कुजबुजण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट सांगा ना!