चूक परिचारिकेची की व्यवस्थेची?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालके होती. त्यानंतर एका खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. या प्रकरणी ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हाही नोंदला गेला. एका माणसाच्या हाती झाडू देऊन रुग्णालयातील संसर्ग थांबतो काय? मुळीच नाही! मात्र मूळ प्रश्न त्या झाडूआड लपून जातो.

चुकीचे औषध दिले, सलाइनमधून संसर्ग झाला की पहिली गदा परिचारिकेवर येते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच सूत्रे तिला पहिल्याच वर्षी शिकवतात. प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ करायचे, हेही शिकवतात. पण ते पाळायला वेळ लागतो, पाणी लागते, माणसे लागतात. भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीवर सोपवल्यावर ती पाच सूत्रे कोणाकोणासाठी पाळणार?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल खटल्यात डॉक्टरने स्वतः द्यायचे इंजेक्शन परिचारिकेवर सोपवले गेले. तिची कोणत्याही नर्सिंग परिषदेकडे नोंदणी नव्हती. इंजेक्शननंतर लहान मुलाचे हृदय बंद पडले आणि मेंदूची कायमची हानी झाली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाची जबाबदारी कायम ठेवली. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये भरपाईही कायम झाली. याचा अर्थ असा की, अपात्र माणूस नेमणारा मालक परिचारिकेकडे बोट दाखवून सुटू शकत नाही.

या साखळीतील शेवटचा माणूस सफाई कामगार. तो बहुधा आपल्याच वस्तीतला आणि बहुधा कंत्राटी. वापरलेली सुई पिशवीत टाकली की ती त्याच्याच हातात घुसते. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ सांगतात की, सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकाव्यात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, वर्षातून एकदा त्याची आरोग्य तपासणी करावी. कंत्राटी कामगार यातून वगळलेला नाही. ज्याच्या हाती वॉर्डाची स्वच्छता, त्यालाच लस आणि हातमोजे नाकारायचे आणि वर संसर्ग का पसरला म्हणून विचारायचे, हा कुठला न्याय?

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. वैद्यकीय सेवा देणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे, पैशाअभावी ते टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितले आहे.

म्हणून प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. आपल्या सरकारी रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती? रात्रपाळीला किती रुग्णांमागे एक परिचारिका असते? कंत्राटी सफाई कामगारांपैकी किती जणांना लसीच्या तिन्ही मात्रा मिळाल्या? परिचारिका निलंबित झाल्याची बातमी वाचून समाधान मानू नका. तिच्या शेजारची पदे कोणी रिकामी ठेवली, याचा जाब विचारा!