रिकाम्या ग्रहाचे अंकगणित

अवकाशव्यूहाच्या संगणकीय खेळांना वसाहतवादी ठरविणे आता इतके सुलभ झाले आहे की त्यासाठी खेळ खेळण्याचीही गरज भासत नाही. वेष्टनावरील चित्र, प्रास्ताविकातील चार वाक्ये आणि ‘वसाहत’ हा शब्द एवढी सामग्री निष्कर्षाला पुरते. याउलट रूपवादी वळणाचे अभ्यासक म्हणतात की हा निव्वळ हिशेब आहे आणि हिशेबाला विचारसरणी नसते. या भूमिका परस्परविरोधी भासल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : अर्थ कथनात असतो, गणितात नसतो. हे गृहीतकच सदोष आहे.

सिमटेक्सने घडविलेला ‘मास्टर ऑफ ओरायन’ (१९९३) हा खेळ पाहावा. त्याचा परिचय करून देताना ॲलन एम्रिच यांनी शोध, विस्तार, दोहन आणि संहार ही चतुःसूत्री मांडली आणि तिच्यावरून या खेळप्रकाराला नाव मिळाले. आपले समीक्षक संहारावर तुटून पडतात. पण डावाचे पारडे बहुधा त्याआधीच, विस्ताराच्या टप्प्यात झुकलेले असते. आरंभी खेळाडूजवळ एक मूळ ग्रह, एक वसाहतनौका आणि दोन टेहळणी नौका असतात. ग्रहाचे उत्पन्न नौकाबांधणी, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि तंत्रज्ञान या ५ खात्यांत वाटायचे असते. लोकसंख्या ग्रहाच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास असताना सर्वाधिक वाढते आणि ग्रह भरत आला की वाढ मंदावते. म्हणून भरल्या ग्रहावरील माणसे नव्या ग्रहावर धाडणे लाभाचे ठरते. नवी वसाहत प्रथम खर्चच करविते; कारखाने उभे राहिल्यावर ती परतफेड करू लागते आणि लवकर वसविलेल्या ग्रहाचा लाभ चक्रवाढीने साचत जातो. विस्तार येथे कोणा सम्राटाचा लोभ नसून सूत्राचा परिणाम आहे. जे कथनात लोभ शोधतात त्यांना तो सापडत नाही, तो याच कारणाने.

या सूत्रात एक पद मात्र नाही, ते म्हणजे आधीचा रहिवासी. ग्रह एक तर रिकामा असतो, नाहीतर प्रतिस्पर्धी साम्राज्याचा. खुद्द ओरायनलाही रक्षक आहे, रहिवासी नाही. ‘कोणाचीही नसलेली भूमी’ ही कल्पना ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो निर्णयात नाकारली. पुढच्याच वर्षीच्या या खेळात ती गणिताची पूर्वअट म्हणून उभी आहे. दोहोंत कार्यकारणसंबंध नाही. साम्य रचनेचे आहे. १९९६ च्या दुसऱ्या भागात काही ग्रहांवर मूळनिवासी अवतरतात. ग्रह वसविताच ते वसाहतीत सामील होतात आणि त्यांना केवळ शेती करता येते. रहिवासी गणितात आला, तो हक्कदार म्हणून नव्हे, जमेची रक्कम म्हणून.

कोणी म्हणेल की ग्रह जर खरोखरच निर्जन आहेत, तर अन्याय कोणावर? आक्षेप वजनदार आहे. पण प्रश्न अन्यायाचा नसून ते रिकामेपण कोणी निर्माण केले, याचा आहे. आपण ‘औद्योगिक वसाहत’ हा शब्द निःशंकपणे वापरतो. पण संपादनापूर्वी ती जमीनही कोणाची तरी होती. शब्द निरुपद्रवी असतो, नकाशा नसतो.

इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये ‘प्रक्रियात्मक वक्तृत्वा’ची मांडणी केली, सौविक मुखर्जी यांचा खेळ आणि उत्तर-वसाहतवाद यांवरील ग्रंथ २०१७ चा आहे. तरीही आपण आशयसूत्रांची यादी करण्यातच समाधान मानणार असू, तर तो आळस सिद्धान्ताच्या नावावर खपविला जाऊ नये. संशोधक विद्यार्थ्याने आधी निदान पहिल्या ५० फेऱ्या खेळाव्यात आणि खेळ काय मोजतो, काय मोजतच नाही, हे मांडावे. न मोजलेल्याचे वाचन हेच या संहितांचे वाचन होय.