प्रसाद आणि शेजार

भोर-वेल्ह्यात जत्रेचा प्रसाद नाकारला की माणसे दुखावतात. पण मूर्तीला वाहिलेले खायचे नाही, त्यातून लाभही घ्यायचा नाही, हा ज्यू धर्मशास्त्राचा दंडक. अशा नकारात शेजाऱ्याचा अपमान शोधू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. वरंधा घाट उतरलात की कोकण. तिथले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. त्यांच्या मलिदा या विधीच्या ताटात गूळ-खोबरे घातलेले पोहे, फळे. स्मरण एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे, समोर मूर्ती नाही.

शास्त्र तारतम्यही जाणते. अक्कोच्या न्हाणीघरात अफ्रोडाइटी या ग्रीक देवीची मूर्ती होती, तरी ज्यू धर्मपंडित रब्बान गमलिएल तिथे न्हात. कुणी हटकले तेव्हा त्यांनी उत्तर बाहेर आल्यावरच दिले: न्हाणीघर तिच्यासाठी बांधलेले नाही, ती तिथे शोभेपुरती आहे.