शौचावरचा ताबा : संकोच सोडा, डॉक्टरांशी बोला

मूळव्याधीची तक्रार पेशंट मोकळेपणाने सांगतात. पण ‘डॉक्टर, शौचाची घाई झाली की थांबवता येत नाही, कपडे खराब होतात,’ हे सांगायला सहसा कोणी धजत नाही. मग एस.टी.चा प्रवास बंद होतो, लग्नकार्ये टळतात. घरचे म्हणतात, वय झाले, चालायचेच! हा समज माझ्या मते घातक आहे, कारण यातील बऱ्याच रुग्णांना उपचाराने आराम पडतो.

शौच रोखण्याची शरीराची व्यवस्था मोठी चोख आहे. मोठ्या आतड्याचा शेवटचा १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. त्याच्या खाली सुमारे ४ सेंटिमीटरचा गुदमार्ग असतो. त्याभोवती दोन वर्तुळाकार स्नायू असतात. आतला झोपेतही आपोआप आवळलेला राहतो, बाहेरचा आपण इच्छेने आवळतो. शिवाय ओटीपोटाच्या तळाचा एक स्नायू गोफणीसारखा मागून वळसा घालून गुदाशयाला पुढे ओढून धरतो. रबरी नळी दुमडली की पाणी अडते, तसाच हा प्रकार. शौचाला बसल्यावर हा स्नायू सैल पडतो आणि वाट मोकळी होते.

अवघड बाळंतपणात हे स्नायू किंवा त्यांच्या नसा दुखावतात. त्याचा त्रास कधीकधी वीस-तीस वर्षांनी, पाळी गेल्यावर जाणवू लागतो. वर्षानुवर्षे कुंथण्याची सवय, जुना मधुमेह, मणक्याचे विकार, गुदद्वाराची शस्त्रक्रिया हीही कारणे आहेत. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांत मळाचा खडा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायच्या गोळ्या देतात. त्याने खडा आणखी घट्ट होतो. अशा वेळी आधी तपासणी करून घ्यावी.

स्नायू कमकुवत असतील तर साधा व्यायाम उपयोगी पडतो. वायू रोखताना आवळतो तसे गुदद्वार आवळून पाच सेकंद धरावे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये, मांड्या व पोट ताणू नये. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, धीर सोडू नये. जोडीला आहारात बदल आणि औषधे असतात. काहींना शस्त्रक्रियाही लागते.

शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काही असल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. पायांतील शक्ती गेली किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

आम्हा डॉक्टरांनीही बाळंतीण, मधुमेही आणि वृद्ध यांना हा प्रश्न आपणहून विचारला पाहिजे. आणि घरच्यांनी आईवर, सासूवर चिडण्याऐवजी तिला दवाखान्यात आणावे. तिने आजवर कितीतरी जणांची दुखणी उपसली आहेत. तिच्या या दुखण्याची लाज घराला वाटता कामा नये.