पैसा उभा करणारी दिल्लीकर मुलगी

चित्रपट पाहून घरी परतलेल्या माणसाला विचारा, नायक कोण होता? उत्तर तयार असते. दिग्दर्शक कोण? दहातले चारपाच जण तरी सांगू शकतात. पण निर्माता कोण होता, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. फार तर 'असेल कोणी पैसेवाला' असे म्हणून विषय संपवला जातो.

हिंदी चित्रपटांनीच दाखवलेला निर्माता आपल्या डोळ्यांसमोर असतो. बोटांत अंगठ्या, तोंडात सिगार आणि टेबलावर नोटांची बॅग! अशा या पुरुषांच्या दुनियेत दिल्लीची एक मुलगी शिरली. तिच्याजवळ नोटांची बॅग नव्हती, घराण्याचे नाव नव्हते आणि मुंबईत ओळखीचे कोणी नव्हते. तरीही तिच्या नावावर आज दोन ऑस्कर विजेते लघुमाहितीपट आहेत आणि फ्रान्स सरकारने तिला 'शेव्हालिए' हा कला व साहित्य क्षेत्रातला किताबही दिला आहे. तिचे नाव गुनीत मोंगा.

एका खोलीतले स्वप्न

गुनीतचा जन्म २१ नोव्हेंबर १९८३ रोजी दिल्लीतल्या एका मध्यमवर्गीय पंजाबी कुटुंबात झाला. बाहेरून पाहणाऱ्यांना हे घर सुखी वाटे. पण एकत्र कुटुंबाच्या मोठ्या घरात या तिघांच्या वाट्याला एकच खोली आली होती आणि घरात कलह होता. शेवटी आईवडील मुलीला घेऊन त्या घरातून बाहेर पडले. आपले स्वतःचे तीन खोल्यांचे घर असावे, एवढेच आईचे स्वप्न होते.

मुलीने ते स्वप्न उचलले. सोळाव्या वर्षापासून ती शिकता शिकता कमावू लागली. रस्त्यावर उभे राहून चीज विकणे, चित्रपटगृहात उद्घोषणा करणे, समारंभांचे सूत्रसंचालन करणे, असे मिळेल ते काम तिने केले. कमाई घराच्या खात्यात जात होती. पुढे गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठात तिने जनसंवादाचे शिक्षण घेतले आणि चित्रपटाच्या निर्मिती विभागात कामे करत ती मुंबईला पोहोचली.

घर घेतले गेले, पण त्यात राहायला आईवडील उरले नाहीत. सहा महिन्यांच्या आत दोघेही गेले. ज्यांच्यासाठी एवढी धावपळ केली तीच माणसे नाहीत म्हटल्यावर एखादी मुलगी हातपाय गाळून बसली असती. गुनीतने दिल्ली मागे ठेवली आणि स्वतःला कामात बुडवून घेतले.

शेजाऱ्याचे पन्नास लाख

निर्माती म्हणून तिची सुरुवात कशी झाली, हे तिने अनेक मुलाखतींत सांगितले आहे. दिल्लीतल्या शेजारच्या एका गृहस्थांना मुलांसाठी काही तरी तयार करण्यात पैसे गुंतवायचे होते. 'हे पैसे मला द्या, मी मुंबईत चित्रपट करते,' असे या मुलीने त्यांना पटवले. रक्कम होती ५० लाख रुपये! विशीतल्या मुलीच्या शब्दावर एवढी रक्कम देणारा शेजारी विरळाच, आणि ती मागण्याचे धाडस करणारी मुलगी त्याहून विरळा.

त्या पैशांतून उभा राहिला 'से सलाम इंडिया'. दिग्दर्शक सुभाष कपूर यांचा हा पहिला चित्रपट लहान गावातल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांवर होता. २००७ साली वेस्ट इंडीजमध्ये विश्वचषक स्पर्धा होणार होती. साऱ्या देशाला क्रिकेटचा ज्वर चढलेला असताना क्रिकेटचा चित्रपट चालणारच, असा हिशेब होता. पण झाले भलतेच. भारतीय संघ बांगलादेशाकडून हरला, मग श्रीलंकेकडून हरला आणि पहिल्याच फेरीत घरी परतला. लोकांना क्रिकेटचे नावही नको झाले आणि चित्रपट कोसळला.

आता काय? चित्रपट पडला म्हणजे गुंतवणूकदाराचे पैसे बुडाले, असा या धंद्याचा रिवाज. पण इथे गुंतवणूकदार म्हणजे शेजारी होता. गुनीत चित्रपट घेऊन शाळाशाळांतून फिरू लागली. मुख्याध्यापकांना भेटायचे, मुलांसाठी खेळ लावायचे आणि जमलेला पैसा शेजाऱ्याच्या हिशेबात घालायचा! असे करत तिने त्याचे पैसे परत केले.

तिच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचे बीज इथेच आहे. निर्मात्याचे खरे भांडवल पैसा नव्हे, तर पत. पैसा दुसऱ्याचा असतो, पत मात्र स्वतःची लागते. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती आणि सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले होते. तेव्हापासून आपल्याकडचा चित्रपट कोणाच्या ना कोणाच्या विश्वासावरच उभा राहत आला आहे. फरक इतकाच, की सरस्वतीबाईंचे नाव कितीतरी वर्षे कोणी घेतलेही नाही.

डबा पोहोचला फ्रान्सला

२००८ साली गुनीतने 'सिख्या एंटरटेनमेंट' ही संस्था काढली. सिख्या म्हणजे शिकवण. पुढे अनुराग कश्यप यांच्या निर्मितीसंस्थेचा कारभारही ती पाहू लागली. तिथे तिच्या लक्षात आले, की नाचगाणी आणि मोठे तारे नसलेल्या चित्रपटाला मुंबईत पैसा मिळणे कठीण. मग पैसा दुसरीकडे का शोधू नये?

इथे फ्रान्सचा संबंध येतो. फ्रान्समध्ये प्रत्येक चित्रपट-तिकिटामागे एक कर असतो. तो राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जमा होतो आणि चित्रपटांसाठीच खर्च होतो. २०१२ पासून तर परदेशी दिग्दर्शकांच्या चित्रपटांनाही हातभार लावणारी योजना तिथे सुरू झाली. भारत आणि फ्रान्स यांच्यात डिसेंबर २०१० मध्ये सहनिर्मितीचा करार झाला होता. अशा करारान्वये तयार झालेला चित्रपट दोन्ही देशांत 'आपला' मानला जातो. म्हणजे दोन घरची सोयरीकच म्हणा ना! मात्र सोयरीक जुळवायला मध्यस्थ लागतो. कागदपत्रे, हिशेब, कोणाचा वाटा किती, कोणते हक्क कोणाकडे, हे सगळे ठरवणारा तो मध्यस्थ म्हणजे निर्माता.

२०१२ साली 'गँग्ज ऑफ वासेपूर' आणि वासन बाला यांचा 'पेडलर्स' हे दोन चित्रपट घेऊन गुनीत कान महोत्सवात पोहोचली. 'पेडलर्स'साठी तर तिने फेसबुकवरून लोकांना आवाहन करून पैसे जमवले होते. दुसऱ्याच वर्षी आला रितेश बत्रा यांचा 'द लंचबॉक्स'.

मुंबईच्या डबेवाल्याने चुकीच्या टेबलावर पोहोचवलेला डबा आणि त्यातून जुळलेले पत्रांचे नाते, एवढीच ही कथा. इरफान खान, निम्रत कौर आणि नवाजुद्दीन सिद्दिकी यांच्या इतकाच लक्षात राहतो तो वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आँटींचा आवाज. पडद्यावर एकदाही न दिसता भारती आचरेकर यांनी ती भूमिका उभी केली. ही अस्सल मुंबईची गोष्ट उभी राहिली ती भारत, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या पैशांतून, आणि त्यात आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचाही वाटा होता.

फ्रान्सच्या बाजूने उभे होते सेदोमीर कोलार आणि मार्क बाशे हे निर्माते. ही नावे अनोळखी वाटतील, पण त्यांचा एक चित्रपट भारतीयांना चांगलाच आठवतो. २००२ साली ऑस्करच्या शर्यतीत 'लगान'ला मागे टाकणारा 'नो मॅन्स लँड' त्यांचीच निर्मिती! आपल्याला हरवणारी हीच माणसे दहाअकरा वर्षांनी मुंबईच्या डब्याला खांदा द्यायला आली. पुढे त्यांच्याच सोबतीने 'नो मॅन्स लँड'चे दिग्दर्शक दानिस तानोविच यांचा 'टायगर्स' (२०१४) हा इम्रान हाश्मीची भूमिका असलेला चित्रपटही गुनीतने केला.

२०१३ च्या कान महोत्सवात समीक्षक सप्ताहात 'लंचबॉक्स'ला 'रेल दोर' हा सन्मान मिळाला. गंमत अशी, की हा पुरस्कार देतात ते चित्रपटवेडे रेल्वे कर्मचारी. रोज लोकलने प्रवास करणाऱ्या डब्याच्या कथेला यापेक्षा शोभणारे परीक्षक कुठून मिळणार?

त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी 'लंचबॉक्स' जाईल, असे अनेकांना वाटत होते. निवड झाली 'द गुड रोड' या गुजराती चित्रपटाची. त्यावरून बरीच चर्चा झाली. गुनीतने निराशा लपवली नाही, पण काम थांबवले नाही. २०१५ साली नीरज घेवान यांचा 'मसान' कानमध्ये दोन पुरस्कार घेऊन आला. बनारसच्या घाटावरच्या या कथेच्या निर्मात्यांतही फ्रान्सच्या मेलिता तोस्काँ द्यू प्लांतिए आणि मारी-जान पास्काल या दोन स्त्रिया होत्या. २०२१ मध्ये फ्रान्सने गुनीतला किताब जाहीर केला, तो या सगळ्या देवाणघेवाणीची पावती म्हणूनच.

हापूडच्या सुना आणि मुली

गुनीतला ऑस्करपर्यंत नेणारी पहिली गोष्ट मात्र दिल्लीच्या उंबरठ्यावरच सापडली. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातल्या हापूड जिल्ह्यात काठीखेडा नावाचे गाव आहे. मासिक पाळी हा शब्दही जिथे बायका कुजबुजत उच्चारत, तिथे सॅनिटरी पॅड बनवणारे साधे यंत्र बसवले गेले. हे यंत्र तमिळनाडूच्या अरुणाचलम मुरुगनंथम यांनी शोधलेले. त्यासाठी पैसा जमवायला सुरुवात केली होती अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या एका शाळेतल्या मुलींनी आणि त्यांच्या शिक्षिकेने.

गावच्या सुना आणि मुली यंत्र चालवू लागल्या. आपल्या पॅडला त्यांनी 'फ्लाय' असे नाव दिले. आयुष्यात पहिल्यांदा काहींच्या हातात स्वतःच्या कमाईचे पैसे आले. त्यांच्यातल्या स्नेहाला दिल्ली पोलिसांत भरती व्हायचे होते. या साऱ्यावरचा रायका झेहताबची यांचा 'पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.' हा लघुमाहितीपट फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्कर जिंकून गेला. गुनीत त्याची कार्यकारी निर्माती होती. ज्या विषयावर घरात आईदेखील मुलीशी मोकळेपणाने बोलत नाही, तो विषय जगातल्या सगळ्यात मोठ्या मंचावर बोलला गेला.

अर्धवट राहिलेले भाषण

चार वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, 'द एलिफंट व्हिस्परर्स'ने पुन्हा तोच मान मिळवला. तमिळनाडूच्या मुदुमलाईच्या जंगलात पोरक्या हत्तीच्या पिलांना वाढवणाऱ्या बोम्मन आणि बेल्ली या जोडप्याची ही कहाणी. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस बोलल्या आणि गुनीत माईककडे वळली, तोच वाद्यवृंद सुरू झाला. वेळ संपली होती. भारतीय निर्मितीला मिळालेल्या या यशाविषयी बोलायचे तिच्या मनात होते, ते मनातच राहिले. आपल्याला याचे वाईट वाटले, हे तिने नंतर उघडपणे सांगितले. निर्मात्याच्या वाट्याला काय येते, याचे इतके नेमके चित्र दुसरे नसेल.

यशाला दुसरी बाजूही असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोम्मन आणि बेल्ली यांच्या वतीने मोबदल्याबाबत कायदेशीर नोटीस पाठवली गेली. निर्मात्यांनी आरोप नाकारले. पण खऱ्या माणसांच्या आयुष्यावर चित्रपट काढला, की पुरस्कारातला त्यांचा वाटा कोणता, हा प्रश्न यानिमित्ताने पुढे आला. माहितीपट करणाऱ्या प्रत्येकाला त्याचे उत्तर शोधावेच लागेल.

यादी थांबलेली नाही. तमिळ 'सूररै पोट्रू' (२०२०), सान्या मल्होत्राचा 'पगलैट' (२०२१), २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झालेला 'कटहल', दिल्लीकडे निघालेल्या रेल्वेत घडणारा 'किल', हे सगळे 'सिख्या'च्या सहभागाने बनले. दिल्लीच्या कापड कारखान्यात राबणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीवरचा 'अनुजा' हा लघुपट २०२५ मध्ये ऑस्करच्या अंतिम यादीत होता. त्याच्याही निर्मितीशी गुनीतचे नाव जोडलेले आहे.

पैशांचे व्यवहार बायकांना कळत नाहीत, असे आपल्याकडे किती सहज म्हटले जाते! घरखर्चाची वही जिच्या हाती, भिशीचा हिशेब जिच्या तोंडपाठ, तिला मोठ्या रकमेच्या कागदावर मात्र फक्त सही करायला सांगतात. गुनीत मोंगाने केले ते याच कौशल्याचे मोठे रूप आहे. कोणाकडून किती घ्यायचे, कुठे लावायचे आणि नुकसान झाले तर तोंड न लपवता कसे फेडायचे, हे तिला कळत होते.

पुढच्या वेळी चित्रपट संपल्यावर लगेच चपला शोधू नका. पडद्यावरून सरकणाऱ्या नावांत निर्मात्यांची नावे येतील. त्यात एखादे बाईचे नाव दिसले, तर शेजारी बसलेल्या मुलीला ते जरूर वाचून दाखवा.